ईईजीचं माहितीपत्रक: तपासणीच्या तासाबद्दल सगळं, त्यानंतरच्या कागदाबद्दल काहीच नाही

पीएचडीच्या पहिल्या वर्षात आपण शोधनिबंध चिकित्सकपणे वाचायला शिकतो. नमुना किती जणांचा, नियंत्रण गट आहे का, निष्कर्ष पुराव्यापेक्षा मोठा तर नाही ना, हे प्रश्न हळूहळू सवयीचे होतात. पण आपलं सगळं संशोधन ज्या एका कागदावर उभं असतं त्याच्याकडे कुणी या नजरेने बघत नाही. तो म्हणजे सहभागी व्यक्तीच्या हातात दिलं जाणारं माहितीपत्रक. नैतिकता समितीसाठी ते लिहायचं, मंजुरी आली की फाइलला लावायचं आणि विसरायचं, अशी पद्धत.

आज मी त्याच कागदाचं परीक्षण करते आहे. उदाहरण घेतलंय ईईजीचं, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या नोंदीचं. दवाखान्यात ही तपासणी होते तेव्हा पेशंटला एक पान देतात: "तपासणीच्या वेळी काय होईल?" प्रयोगशाळेत ईईजी करतात तेव्हाही साधारण तेच पान थोडे शब्द बदलून दिलं जातं. तुमच्यापैकी जे मानसशास्त्र, चेताविज्ञान किंवा बायोमेडिकल इंजिनिअरिंगकडे जाणार आहेत, त्यांना कधी ना कधी हे पान लिहावं लागणार आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. ही पत्रकं चुकीची नसतात. त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य खरं असतं. तरीही ती अपुरी असतात, कारण ती माणूस खुर्चीत बसल्यापासून उठेपर्यंतच्या वेळाबद्दलच बोलतात. ईईजीमध्ये माणसाचं जे काही बरं-वाईट व्हायचं ते बहुतेक वेळा त्या खुर्चीत होत नाही. ते नंतर निघणाऱ्या अहवालामुळे होतं.

पत्रक काय सांगतं

आधी पत्रकाच्या बाजूने बोलू. चांगल्या पत्रकात असलेल्या सूचनांना प्रत्येकी एक कारण असतं, आणि ते कारण माहीत असेल तर सूचना पाळायलाही बरं पडतं.

केस आदल्या दिवशी धुवा, तेल लावू नका. आपल्याकडे ही सूचना ठळक अक्षरात हवी, कारण डोक्याला तेल लावणं अनेक घरांत रोजचंच. इलेक्ट्रोड आणि कातडी यांच्यामध्ये तेलाचा थर आला की विद्युतरोध वाढतो. नेहमीच्या ईईजीत तो ५ किलो-ओहमच्या खाली आणायचा प्रयत्न असतो. म्हणूनच टेक्निशियन पेस्ट लावण्याआधी कातडी थोडी घासून घेतो. किंचित खरखरीत वाटतं, एवढंच.

उपाशीपोटी येऊ नका. रक्तातली साखर उतरली तर लहरी मंद होतात आणि नोंद उगाच बिघडलेली दिसू शकते. चतुर्थी किंवा एकादशीचा कडक उपवास असेल तर तसं सांगून दुसरा दिवस घ्यावा. चालू गोळ्या मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. "तपासणी आहे म्हणून आज गोळी घेतली नाही" असं पुष्कळजण करतात, आणि फिटच्या गोळ्यांच्या बाबतीत हे धोक्याचं आहे.

मग टेप घेऊन डोकं मोजतात. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानासमोरच्या बिंदूपासून दुसऱ्या कानासमोरच्या बिंदूपर्यंत. या अंतराचे १० आणि २० टक्क्यांचे भाग पाडून इलेक्ट्रोडच्या जागा ठरतात. हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही जगभर वापरतात. डोकं लहान असो की मोठं, जागा प्रमाणात बसते, त्यामुळे पुण्यातली नोंद लंडनमधल्या डॉक्टरला वाचता येते.

नोंद सुरू झाली की डोळे मिटा, उघडा असं सांगतात. डोळे मिटल्यावर डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांची अल्फा लय दिसते, डोळे उघडले की ती दबते. येना शहरातले मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूची पहिली विद्युत नोंद घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. तेव्हा त्यांनी वर्णन केलेली ठळक गोष्ट हीच होती. शंभर वर्षांनंतरही प्रत्येक तपासणीत ती पुन्हा केली जाते, कारण यंत्र, इलेक्ट्रोड आणि समोरचा माणूस तिघंही ठीक आहेत याची ती पहिली खूण आहे.

पुढे तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात. लहान मुलांना कागदी भिरभिरं फुंकायला देतात. मग डोळ्यांसमोर दिवा वेगवेगळ्या गतीने लुकलुकवतात. जमल्यास झोपायला सांगतात, त्यासाठी काही वेळा आदल्या रात्री जागरण करून यावं लागतं. नोंद निदान वीस मिनिटांची असते, लावणं-काढणं धरून तासभर जातो.

आणि एक वाक्य प्रत्येक पत्रकात असायलाच हवं, बहुतेकांत ते असतंही: डोक्यात करंट सोडत नाहीत. यंत्र फक्त ऐकतं. आपल्याकडे डोक्याला वायरी लावल्या म्हटलं की लोकांना सिनेमातला शॉकचा प्रसंग आठवतो. ही भीती काढणं हे पत्रकाचं काम आहे आणि ते काम ही पत्रकं बरी करतात.

"दुखत नाही" आणि "सुरक्षित आहे" ही दोन वेगळी वाक्यं

अडचण सुरू होते ती एका जोडशब्दापासून: "सुरक्षित व वेदनारहित". हे दोन शब्द इतक्या वेळा एकत्र छापलेत की त्यांचा अर्थ एकच आहे असं वाटायला लागलंय.

वेदनारहित हे खरं आहे. सुरक्षितही बहुतेकांसाठी खरं आहे. पण जोरात श्वास आणि लुकलुकणारा दिवा हे तपासणीत का आहेत याचा विचार करा. ते मेंदूला मुद्दाम छेडण्यासाठी आहेत. काही प्रकारच्या अपस्मारात, विशेषतः मुलं काही सेकंद शून्यात बघत राहतात त्या प्रकारात, जोरात श्वास घेतल्यावर झटका येतो आणि पडद्यावर सेकंदाला तीनच्या गतीने टोकदार लहरी उमटतात. डॉक्टरला तेच बघायचं असतं. म्हणजे तपासणीत झटका येण्याची शक्यता हा त्या तपासणीच्या आखणीचाच भाग आहे. "क्वचित झटका येऊ शकतो, तो आला तर इथे त्यासाठी माणसं आणि औषधं तयार आहेत" हे वाक्य लिहिलं तर पेशंट घाबरेल, असं म्हणतात. मला उलट वाटतं. न सांगता झटका आला तर आई-वडील आयुष्यभर म्हणत राहतील की मशीनमुळे मुलाला फिट आली.

याहून गंभीर मुद्दा सिकलसेलचा. जोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तपुरवठा थोडा वेळ घटतो. निरोगी माणसाला हाताला मुंग्या आल्यासारखं वाटतं, गरगरतं, आणि मिनिटभरात सगळं पूर्ववत होतं. सिकलसेलच्या पेशंटला मात्र हा भाग करू नये असं मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे, कारण त्यांच्यात पक्षाघाताचा धोका आधीच जास्त असतो. नुकताच पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनाही तो वर्ज्य आहे, फुफ्फुसाचा गंभीर आजार असलेल्यांनाही.

आता नकाशा आठवा. विदर्भातले आदिवासी आणि दलित समाज, नंदुरबारकडचा सातपुड्याचा पट्टा, इथे सिकलसेल हा ओळखीचा आजार आहे. परदेशी पत्रकाचा मराठी तरजुमा केला तर केसांच्या रंगाबद्दल आणि जेलबद्दलच्या सूचना येतात, पण "तुम्हाला किंवा घरात कुणाला सिकलसेल आहे का? लाल किंवा पिवळं कार्ड मिळालंय का?" हा प्रश्न येत नाही. गडचिरोलीहून नागपूरला तपासणीसाठी आलेल्या माणसाच्या दृष्टीने पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. भाषांतर शुद्ध असूनही पत्रक इथलं होत नाही ते असं.

"रिपोर्ट नॉर्मल" म्हणजे काय

दुसरी उणीव मोठी आहे. पत्रक म्हणतं, "या तपासणीतून मेंदूच्या कार्याची माहिती मिळते." किती माहिती, कुठली, आणि कुठली मिळत नाही, यावर ते गप्प असतं.

कातडीवर मिळणारा ईईजीचा सिग्नल साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्टचा असतो. ईसीजीमधली हृदयाची मोठी लहर सुमारे एक मिलिव्होल्टची, म्हणजे मेंदूचा आवाज त्याच्या दहा ते शंभर पट बारीक. शिवाय मध्ये कवटी आहे, ती तो पसरवून पुसट करते. मेंदूच्या पृष्ठभागाचा काही चौरस सेंटिमीटरचा भाग एकाच वेळी एकाच ठेक्यात चालला तरच बाहेर काही कळतं. खोलवर किंवा एखाद्या घडीत लपलेलं काही घडत असेल तर ते निसटतं. दात आवळले, डोळे मिचकावले तरी त्याची लहर मेंदूच्या लहरीपेक्षा मोठी उमटते.

याचा परिणाम असा की अपस्मार असलेल्या माणसाच्या पहिल्या साध्या ईईजीत अपस्माराच्या खुणा साधारण निम्म्याच वेळा सापडतात. पुन्हा केली, झोपेतली नोंद घेतली तर हे प्रमाण वाढतं, पण शंभर टक्के होत नाही. म्हणजे "नॉर्मल" याचा अर्थ "त्या अर्ध्या तासात काही दिसलं नाही" एवढाच. घरी मात्र त्याचा अर्थ "काही झालेलं नाही, नाटक करतोय" असाही लावला जातो, आणि गोळ्या बंद होतात.

उलटी बाजूही बघा. १९९३ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हवाई दलातल्या भरतीसाठी आलेल्या १३,६५८ निरोगी तरुणांचे ईईजी तपासले होते. त्यातल्या ६९ जणांमध्ये, म्हणजे अर्धा टक्का लोकांमध्ये, अपस्मारासारख्या खुणा निघाल्या. अर्धा टक्का म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? साधा हिशोब मांडू. समजा, कुठलीही तक्रार न विचारता सरसकट १०,००० लोकांचा ईईजी केला. हजारी ६ जणांना अपस्मार आहे असं धरू, म्हणजे ६० जण. त्यातल्या निम्म्यांचा, ३० जणांचा ईईजी खूण दाखवेल. उरलेल्या ९,९४० निरोगी लोकांपैकी अर्धा टक्का म्हणजे सुमारे ५० जणही खूण दाखवतील. एकूण ८० जणांच्या हातात "ॲबनॉर्मल" अहवाल, आणि त्यातल्या ५० जणांना अपस्मार नाहीच.

चाचणी तीच, यंत्रही तेच, फक्त कुणाला तपासतो ते बदललं आणि अहवालाचा अर्थ बदलला. झटक्याचं स्पष्ट वर्णन असलेल्या पेशंटमध्ये त्याच खुणेला खूप वजन आहे. नुसतं डोकं दुखतं म्हणून केलेल्या ईईजीत तिला फारसं नाही. संभाव्यतेचा हा धडा आपण संख्याशास्त्राच्या पेपरात सोडवतो आणि प्रत्यक्षात विसरतो.

त्यात वाचणाऱ्याची चूक मिळवा. निरोगी मेंदूत दिसणाऱ्या अनेक निरुपद्रवी आकृत्या टोकदार असतात आणि नवख्या नजरेला अपस्मारासारख्या वाटतात. सेलिम बेनबाडिस या अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञांनी यावर बरंच लिहिलंय. त्यांचा रोख असा की गरजेपेक्षा जास्त वाचलेला ईईजी हे अपस्माराच्या चुकीच्या निदानाचं एक महत्त्वाचं कारण आहे, आणि एकदा लागलेला शिक्का पुढे कुणी पुसायला धजत नाही.

आणि तो शिक्का आपल्याकडे काय करतो? गाडी चालवण्याच्या परवान्याच्या शारीरिक क्षमतेच्या घोषणापत्रात अपस्मार आहे का हे विचारलेलं असतं. हिंदू विवाह कायद्यात १९९९ च्या दुरुस्तीपर्यंत अपस्माराचे वारंवार झटके नसणं ही विवाहाची अट होती. ती पाळली नाही म्हणून लग्न रद्द करून मागता येत असे. कायदा बदलला, स्थळं बघताना लोक विचारतात ते बदललेलं नाही. मुलीच्या फायलीत ईईजीचा कागद आहे हे कळू नये म्हणून धडपडणारी घरं तुम्हालाही माहीत असतील. अशा ठिकाणी "ही एक साधी तपासणी आहे" हे वाक्य तपासणीबद्दल खरं आहे, तिच्या परिणामांबद्दल नाही.

प्रयोगशाळेतला ईईजी

संशोधनासाठी लिहिलेल्या पत्रकात आणखी एक गोंधळ असतो. सहभागी व्यक्तीला वाटतं की डोक्याला वायरी लावल्या म्हणजे आपला मेंदू तपासला जातोय, काही असलं तर कळेलच. प्रत्यक्षात नोंद बघणारा बहुधा आपल्यासारखा पीएचडीचा विद्यार्थी असतो. त्याला लक्ष देण्याच्या क्षमतेचा किंवा भाषेचा अभ्यास करायचा असतो. तो चाळीस जणांच्या लहरींची सरासरी काढतो, विचित्र दिसणारे तुकडे "आर्टिफॅक्ट" म्हणून कापून टाकतो. एखाद्याच्या नोंदीत खरोखर काही चिंताजनक असलं तरी ते ओळखण्याचं प्रशिक्षण त्याच्याकडे नसतं.

मग पत्रकात काय असायला हवं? तीन गोष्टी तरी. ही आरोग्य तपासणी नाही. नोंद मेंदूविकारतज्ज्ञ बघणार आहे की नाही. आणि चुकून काही दिसलं तर कुणाला, कसं कळवणार, की कळवणारच नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं माहितीपत्रक सहभागीला समजेल अशा भाषेत हवं असं सांगतात, आणि अशा अनपेक्षित निष्कर्षांचा विचार आधी करायला लावतात. पण तयार साच्यातली "प्राप्त माहिती गोपनीय ठेवली जाईल" ही एक ओळ टाकून आपण मोकळे होतो.

त्या ओळीवरही एक हरकत आहे. नाव काढून टाकलं म्हणजे नोंद निनावी झाली असं आपण धरतो. पण ईईजीच्या नोंदीवरून व्यक्ती ओळखता येते का यावर स्वतंत्र संशोधन चालतं, आणि त्याची उत्तरं बऱ्यापैकी होकारार्थी आहेत. आज आपण डेटा खुल्या संग्रहात ठेवतो, आणि ठेवायलाही हवा. पण मग "कायम निनावी राहील" असं वचन देऊ नये. "नाव काढलेली नोंद इतर संशोधकांना उपलब्ध होईल, ती नंतर परत घेता येणार नाही" हे खरं वाक्य आहे.

खुर्चीत बसायला दिलेली संमती

अहवालाच्या पुढच्या प्रवासाबद्दल मी एवढं का बोलतेय, याचं टोकाचं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात जन्मठेप सुनावताना मेंदूच्या लहरींवर आधारित चाचणीच्या निष्कर्षांचा आधार घेतला. चाचणीचं नाव ब्रेन इलेक्ट्रिकल ऑसिलेशन सिग्नेचर, थोडक्यात बीओस. ती चंपाडी रामन मुकुंदन यांनी विकसित केली होती. आरोपीने चाचणीला संमती दिली होती असं तेव्हाच्या बातम्यांत आहे.

या चाचणीचं माहितीपत्रक लिहायचं झालं तर ते किती सौम्य होईल बघा. डोक्यावर इलेक्ट्रोड लावतील. शांत बसायचं, एकही शब्द बोलायचा नाही. घटनेबद्दलची काही वाक्यं "मी अमुक केलं" अशा रूपात ऐकवतील. दुखणार नाही, करंट सोडणार नाहीत. यातलं प्रत्येक वाक्य खरं ठरेल. आणि त्या तासाच्या शेवटी एक सॉफ्टवेअर सांगेल की या व्यक्तीला ही घटना नुसती माहीत नाही, तिने ती अनुभवलेली आहे.

संशोधक म्हणून आपण विचारायचा प्रश्न हा, की "माहीत असणं" आणि "अनुभवलेलं असणं" यांतला फरक लहरींत दिसतो हे सिद्ध कसं कराल? त्यासाठी असे लोक हवेत ज्यांचं सत्य आपल्याला आधीच पक्कं ठाऊक आहे. त्यातल्या काहींनी प्रसंग खरोखर केलेला हवा, काहींनी तो फक्त वाचलेला, काहींनी मनात पुन्हा पुन्हा रंगवलेला. विश्लेषण करणाऱ्याला कोण कुठल्या गटातलं हे कळता कामा नये. किती निर्दोष लोक दोषी ठरले याचा आकडा छापायला हवा, आणि दुसऱ्या, स्वतंत्र प्रयोगशाळेत तेच निघायला हवं. ओळखीची गोष्ट समोर आली की सुमारे ३०० मिलिसेकंदांनंतर मेंदूत एक लहर उमटते, यावर भरपूर संशोधन आहे. पण ओळखीची असणं आणि स्वतः केलेली असणं यांत फार अंतर आहे. शिवाय आरोपी चाचणीपर्यंत पोचतो तोवर पोलीस चौकशीत, वकिलाकडे, वर्तमानपत्रात तीच गोष्ट कितीदा तरी ऐकून चुकलेला असतो. निर्दोष माणूससुद्धा ती रात्र-रात्र मनात घोळवत असतो. मग अनुभव आणि ऐकीव यांची सरमिसळ चाचणीच्या आधीच झालेली असते.

केंद्र सरकारने नेमलेल्या, निम्हान्सचे तेव्हाचे संचालक डॉ. डी. नागराज यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००८ मध्येच अशा चाचण्या शास्त्रीय कसोटीवर टिकत नाहीत असा निष्कर्ष दिला. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात निकाल दिला की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूलहरींची चाचणी कुणावरही सक्तीने करता येणार नाही. संमतीने केली तरी तिचा निष्कर्ष स्वतःहून पुरावा ठरत नाही, त्यातून पुढे काही वस्तू किंवा माहिती हाती लागली तर तेवढीच कायद्याच्या मर्यादेत विचारात घेता येते.

निकालातला आपल्यासाठी महत्त्वाचा भाग संमतीबद्दलचा आहे. तोंडाने काही बोलायला लावलं नाही, म्हणून स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावलं नाही, हा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला नाही. गप्प बसलेल्या माणसाच्या डोक्यातून काढलेली माहिती हीसुद्धा साक्षच आहे. म्हणजे माणूस खुर्चीत शांत बसायला तयार झाला यावरून त्याच्या लहरींचा पुढे जो अर्थ लावला जाईल त्यालाही तो तयार झाला, असं धरता येत नाही. दवाखाना, प्रयोगशाळा आणि पोलीस ठाणं या तीन जागा फार वेगळ्या आहेत हे मान्य. पण पत्रकातली पोकळी तिन्ही ठिकाणी एकाच जागी आहे.

हरकती

यावर रास्त हरकत अशी की एवढं सगळं लिहिलं तर पत्रक चार पानांचं होईल आणि कुणी वाचणार नाही. ओपीडीत एका टेक्निशियनमागे रांग लागलेली असते, त्याला सिकलसेलपासून संभाव्यतेपर्यंत सगळं समजावणं शक्य नाही. हे खरं आहे. मीही लांब पत्रकाच्या बाजूने नाही. माझं म्हणणं जागेच्या वाटपाबद्दल आहे. जेल कोमट पाण्याने निघतं हे तीन ओळींत सांगायला जागा आहे, तर "नॉर्मल आला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या थांबवू नका" या एका ओळीला ती मिळायला हवी.

दुसरी हरकत, लोक घाबरतील आणि गरजेची तपासणी टाळतील. ही भीती खोटी नाही. फिटच्या पेशंटला आधीच मांत्रिकाकडे नेतात, कांदा हुंगवतात, मग कधीतरी डॉक्टरकडे आणतात. त्यात आणखी एक अडसर नको. पण लोक घाबरतात ते बहुतेक वेळा अर्धवट कळल्यामुळे. अहवालाला मर्यादा आहेत हे आधी सांगितलं तर अहवाल आल्यावरची भीती कमी होते, कारण "ॲबनॉर्मल" हा शब्द वाचून माणूस कोसळत नाही, पुढचा प्रश्न विचारतो.

तुमचं पत्रक लिहाल तेव्हा

साचा समोर घ्या, पण प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने लिहा: हे वाक्य तपासणीच्या आधीचं, दरम्यानचं की नंतरचं? "नंतर"च्या रकान्यात फक्त "केस धुवावेत" एवढंच उरलं तर पत्रक अजून झालेलं नाही. त्या रकान्यात निदान हे हवं: नोंद कोण वाचणार, तिचा अर्थ काय लागू शकतो आणि काय लागू शकत नाही, ती कुणाच्या हाती जाणार, आणि आपण नको म्हटलं तर कुठपर्यंत परत घेता येणार.

"सुरक्षित" हा शब्द एकट्याने वापरू नका, कुणासाठी नाही ते लगेच पुढे लिहा. तुमच्या प्रयोगात जोरात श्वास किंवा लुकलुकता प्रकाश नसेल तर दवाखान्याच्या पत्रकातून तो परिच्छेद उतरवू नका. असेल, तर सिकलसेल आणि पूर्वीच्या झटक्यांबद्दल तोंडी विचारल्याशिवाय नोंद सुरू करू नका. कागदावर खूण करून घेणं पुरेसं नाही, कारण रकाने लोक सवयीने "नाही" म्हणून भरतात.

आणि समितीकडे पाठवण्याआधी ते पान संशोधनाशी काहीही संबंध नसलेल्या एखाद्या माणसाला वाचायला द्या. मावशी, शेजारचे काका, मेसमधला पोरगा, कुणीही चालेल. वाचून झाल्यावर कागद काढून घ्या आणि विचारा: रिपोर्ट नॉर्मल आला तर काय समजायचं? काही वेगळं दिसलं तर तुम्हाला कोण सांगणार? ही नोंद अजून कोण बघू शकतं? उत्तरं आली नाहीत तर पुन्हा लिहा. यात फार तर दोन दिवस जातील. आपण एका इलेक्ट्रोडचा विद्युतरोध खाली आणायला त्याहून जास्त वेळ घालवलेला असतो.